दोन चोचींचा बगळा

तिसऱ्या मजल्यावरचे सावंत गेले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये हात जोडून उभे होतो. सावंत सहा फुटी, त्यामुळे एक चादर पुरली नव्हती आणि एकाच छापाच्या दोन चादरी त्यांच्या अंगावर पसरल्या होत्या. परब काका पुढे झाले, वाकले आणि खालच्या चादरीचा कोपरा धरून ती बोटभर डावीकडे ओढली. मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं. "आता बसला," असं म्हणाले आणि मगच डोळे पुसले.

लोकांना वाटलं, दुःखाने माणूस बावचळला. मला माहीत होतं काय झालं ते. वरच्या चादरीवरचं फूल खालच्या चादरीवर पुढे चालू होत नव्हतं. म्हणजे रिपीट चुकला होता. आणि रिपीट चुकलेला असताना परब काकांना रडू येणं शक्य नव्हतं.

दत्ताराम परब आमच्या समोरच्या दारात राहतात. कांजूरमार्ग पूर्व, चौथा मजला. तरुणपणी ते मिलच्या प्रिंटिंग खात्यात चेकर होते. छापील कापडावर तेच चित्र ठरावीक अंतराने पुन्हा येतं, त्याला रिपीट म्हणतात. ते पुन्हा येताना मागच्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. काका उभे राहून समोरून सरकणारं कापड बघायचे आणि नाही जुळलं की हात वर करायचे. हात वर झाला की मशीन थांबायचं. मिल बंद पडली, त्यानंतर काकांनी अनेक वर्षं एका कुरिअरच्या कचेरीत पाकिटं लावली आणि तिथूनही निवृत्त झाले. पण हात काही खाली आला नाही.

लिफ्टमध्ये अनोळखी बाईला ते सांगतात, "वहिनी, काखेकडे रिपीट चुकलाय. तुमचा दोष नाही, टेलर मेला आळशी." सोसायटीच्या पूजेत त्यांनी भटजींचं उपरणं उलगडायला लावलं आहे. एकदा मी पत्रक काढलं होतं. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, असा फतवा आमच्या कमिटीने काढला होता, त्याच्याविरुद्ध. आमच्या घरात मुलं अक्षरं पत्रकांवरच शिकतात, त्यामुळे मजकूर जहाल होता आणि मला त्याचा अभिमान होता. काकांनी तो कागद उजेडाला धरला.

"काय वाटलं?" मी विचारलं.

"समास वाकडो."

"काका, मजकूर."

"मजकूर बरोबर आहे गो. पण वाकड्या समासाचं कोण ऐकणार?"

मग स्टीलची पट्टी आणि ब्लेड घेऊन त्यांनी सगळ्या प्रती एकेक करून कडेने सरळ कापून दिल्या. फतवा पंधरा दिवसांत मागे घेतला गेला. श्रेय समासाचं, असं ते आजही सांगतात.

तर या काकांच्या घरात एक डायनिंग रूम आहे. म्हणजे ते तसं म्हणतात. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक जागा आहे, तिथे चौकोनी टेबल, तीन खुर्च्या आणि वर लॉफ्ट. खिडकी नाही. असती तरी उपयोग नव्हता, कारण वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास येतो आणि जेवायच्या वेळी आमच्याकडे सगळेच खिडक्या लावून घेतात. टेबलाच्या एका बाजूला काका बसतात. समोरची खुर्ची रिकामी. ती काकूंची असायला हवी, पण काकू ओट्याशी उभं राहून, सगळं आटोपल्यावर, कढईतच भात कालवून जेवतात. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मुलगा घरी होता तोवर तिसऱ्या खुर्चीवर तो असायचा. तो बंगळुरूला गेल्यापासून काका एकटेच जेवतात आणि बायको सहा फुटांवर.

हे मला सहन होणाऱ्यातलं नाही. एका दुपारी काका जेवत असताना मी तिथेच विषय काढला.

"काका, काकू टेबलावर का जेवत नाहीत?"

काकांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मी कधी नको म्हटलं?"

"बस असं तरी कधी म्हटलंत?"

आतून काकू म्हणाल्या, "तू कित्याक वाद घालतंस गो? आणि थंय बसान बघू काय मी? फ्यूजचो डबो?"

खरं होतं. त्या रिकाम्या खुर्चीत बसलं की समोर, काकांच्या डोक्याच्या वर, फ्यूजचा राखाडी डबा आणि पिवळट भिंत, एवढंच दिसतं. पण मी म्हटलं, हा प्रश्न डब्याचा नाही, हा प्रश्न समतेचा आहे, आणि बरंच काही म्हटलं. काका जेवायचे थांबले होते. ते मान वर करून त्या डब्याकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात काकांनी जाहीर केलं, की डायनिंग रूमला वॉलपेपर लावायचा.

मला संताप आला. बाईने कुठे बसून जेवायचं असं विचारावं, आणि त्यावर पुरुषाने भिंत सजवायला घ्यावी. यावर पत्रक लिहायला घेतलं होतं, त्याचा मथळाही तयार होता. पण रोज त्यांच्या घरातून काहीतरी आवाज येई आणि मी बघायला जाई, त्यात ते राहिलं.

आधी आले नमुने. दुकानदाराने दिलेले हातभर तुकडे काका चिकटपट्टीने भिंतीवर लावायचे आणि एकेका तुकड्यासमोर एकेक जेवण जेवायचे. पहिल्यावर कोंबडे होते. "आपण कोंबडी खायची आणि नवऱ्याने समोरून बघायचं. नको." दुसऱ्यावर आंबे होते. "बारा महिने आंबे? भिंतीन खोटा बोलूचा नाय." पट्ट्यापट्ट्यांच्या कागदासमोर त्यांना तुरुंगात जेवल्यासारखं वाटलं. गुलाबांसमोर आमटी अळणी लागली. त्या दिवशी आमटी खरंच अळणी होती, असं काकू म्हणाल्या. पण गुलाब गेले ते गेलेच.

शेवटी बगळे आले. फिकट हिरवं लव्हाळं आणि त्यात मधे मधे एक पांढरा बगळा, एक डावीकडे बघणारा तर पुढचा उजवीकडे, चांगला वीतभर मानेचा. काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या.

"आमच्या शेतात असत असे," त्या म्हणाल्या.

"मासेच खाता तो पण," काका म्हणाले. "आपल्यासारखो." बगळा ठरला.

कागद लावायला इम्रानभाई आले. पन्नाशीचे, शांत, या धंद्यात मुरलेले. पहिल्या दिवशी ते हसत होते. काकांनी बादलीतल्या खळीत बोट बुडवून ती पातळ असल्याचा निकाल दिला, तेव्हाही हसले. मग काकांनी खिशातून ओळंबा काढला.

"चाचा, दीवार टेढी है," इम्रानभाई म्हणाले. "मेरा कागज सीधा है."

"भिंत वाकडी असू दे. बगळ्याला काय माहीत?"

दुसरी पट्टी तीन वेळा उतरली. एका बगळ्याचा पाय कोपऱ्यातून वळताना सुतभर आखूड होत होता. फ्यूजच्या डब्यालाही कागद लावला, आणि असा, की डब्याचं दार बंद केलं की त्यावरची बगळ्याची मान भिंतीवरच्या धडाला बरोबर जाऊन मिळते. त्यासाठी दोघे अर्धा दिवस दार उघडझाप करत उभे होते. त्यात एकदा मेन स्विच पडला, आणि पंखा बंद पडल्यावरही दोघांपैकी कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत इम्रानभाईंनाच वेड लागलं होतं. ते मला दाखवून सांगत होते, "मॅडम, इसकी चोंच देखो. कुछ फरक लगता है?"

आणि मग शेवटच्या पट्टीचा प्रश्न आला.

हे मलाही तेव्हाच कळलं. कागद जिथून सुरू होतो तिथेच खोलीभर फिरून परत येतो, आणि शेवटची पट्टी पहिलीला भेटते तिथे चित्र जुळत नाही. कितीही मोठा कारागीर असो. खोली काही कागदाचं माप विचारून बांधलेली नसते. चूक एकदा होणारच, फक्त ती कुठे ठेवायची ते आपल्या हातात. म्हणून इम्रानभाईंनी पहिल्या दिवशी सुरुवात केली होती ती दाराआडच्या कोपऱ्यातून. काकांनी तेव्हाच पट्टी काढायला लावून त्यांना तिथून उठवलं होतं, आणि सुरुवात करायला लावली होती थेट भिंतीच्या मधोमध, त्या रिकाम्या खुर्चीच्या मागे. इम्रानभाईंना वाटलं होतं, जोड कुठे येणार ते म्हातारा विसरला असेल. आता त्यांनी हळूच आठवण करून दिली.

"चाचा, जॉइंट सबके सामने आएगा."

"सबके नाही. माझ्या समोर."

मग काकांनी मला हाक मारली. "बस त्या खुर्चीत."

मी बसले. काका समोर आपल्या जागी बसले आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघू लागले.

"जरा खाली."

मी घसरले.

"तसं नाही गो. पाठीतून वाक. खांदे पाड."

"काका, मी वाकणाऱ्यांतली नाही."

"माहीत आहे. पण आता जरा दमल्यासारखी बस. सकाळपासून उभी असल्यासारखी."

मी दमल्यासारखी बसले. काकांनी इम्रानभाईंना बोटाने खुणा केल्या, जरा उजवीकडे, अजून थोडं, हां, आणि पेन्सिलची एक रेघ माझ्या डोक्यामागे पडली. शेवटची पट्टी पहिलीवर जराशी चढवून त्या रेघेवर कापली. मी उठून मागे वळून पाहिलं. लॉफ्टच्या खाली, टेबलाच्या वर, नेमकं डोळ्यांत भरेल अशा जागी दोन्हीकडून अर्धा अर्धा बगळा येऊन चिकटला होता. एक मान आणि दोन तोंडं, दोन्हीकडे चोची. बाकी लव्हाळं होतं, ते कुठेही कसंही खपून गेलं.

ज्या माणसाने मयताच्या अंगावरची चादर सरळ केली, त्याने हा बगळा आयुष्यभर जेवताना समोर ठेवायचा ठरवला होता. इम्रानभाईंनी मला जिन्यात विचारलं, "चाचा की तबियत ठीक है ना?"

रविवारी काकांनी मला जेवायला बोलावलं. सुरमई होती. तिसऱ्या खुर्चीवर मी, आपल्या जागी काका. काकूंनी दोन ताटं वाढली आणि आत जायला वळल्या.

"बस गो," काका म्हणाले.

मी या घरात इतकी वर्षं येते आहे. हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. काकूंनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकले, कारण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मला म्हणाले असतील म्हणून.

"माका नंतर..."

"नंतर नको. तुझ्याशिवाय रिपीट चुकता. तो बघ."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. दोन चोचींचा बगळा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "इतके दिवस घालवून ह्यां काय करून ठेवलास?"

"बसान बघ."

काकू बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही उठता येईल अशा. पाठ थोडी वाकलेली, खांदे पडलेले. त्यांच्या अंबाड्यामागे तो बगळा चोचींसकट गडप झाला आणि भिंत डावीकडून उजवीकडे एकसंध झाली. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"बसला," ते म्हणाले.

मी तिसरं ताट आणलं. काकूंनी समोर पाहिलं. फ्यूजचा डबा कुठेच नव्हता, तिथे लव्हाळ्यात एक बगळा उभा होता. दोन घास जेवल्या, मग काकांच्या ताटातला भात संपलेला दिसला आणि सवयीने उठल्या. मागे लगेच दोन चोची दिसल्या. काकांचा हात वर गेला. खात्यात मशीनसमोर जायचा तसा, सरळ, पंजा उघडा.

काकू थांबल्या. मशीन थांबायचं तशाच.

"मी आणतंय," काका म्हणाले आणि स्वतः उठून आत गेले.

एका बगळ्याने चाळीस वर्षांचा अन्याय फिटत नाही, हे मी आजही म्हणते, आणि ते पत्रक मी लिहिणार आहे. पण त्या दुपारी आतून एकेक खण उघडल्याचे आवाज येत होते. भाताचा डाव कुठे असतो ते काकांना माहीत नव्हतं.

"उजवीकडच्या खणात," काकू म्हणाल्या. उठल्या नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही. काका परत येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, मान जराही हलू न देता.