देणार, घेणार आणि वॉम्बॅट

एक यादी करावी, एवढंच माझ्या मनात आलं होतं. यादी करून कुणाचं वाईट झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. (आमच्या ऑफिसात तर यादी झाली की काम झालं असंच समजतात.)

मी कीथ पॅस्को, रेन्मार्कच्या नगरपालिकेत कचऱ्याच्या डब्यांचा कारकून. कुणाचा हिरवा डबा फुटला, कुणाचा पिवळा शेजाऱ्याने पळवला, हे लिहून घ्यायचं आणि त्यावर फॉर्म भरायचा. तीन वर्षांपूर्वी मी जनीनशी लग्न केलं, तेव्हा तिच्याबरोबर टिली आणि हॅमिश ही तिची दोन मुलंही आली. टिली आता अकराची, हॅमिश सातचा. त्यांचा बाप ग्लेन तिकडे शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात, मिल्ड्युराजवळ संत्र्यांची बाग बघतो. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी मुलं त्याच्याकडे असतात. दोन घरांत एकशे पंचेचाळीस किलोमीटरचं अंतर आणि मध्ये राज्याची सीमा. म्हणून असं ठरलेलं होतं, की अर्ध्या रस्त्यात तळ्याकाठी जो पेट्रोल पंप आहे, तिथल्या नोरीनबाईंच्या दुकानासमोर मुलं द्यायची-घ्यायची. पुढचा अर्धा रस्ता ज्याचा त्याने बघायचा.

पण जबाबदारी अशी बरोब्बर मधोमध कापली, की काही ना काही त्या फटीत पडतंच. कधी शाळेचा एक बूट इकडे आणि दुसरा तिकडे. कधी लायब्ररीचं पुस्तक महिनाभर ग्लेनच्या ट्रॅक्टरवर. गेल्या महिन्यात हॅमिशचा दम्याचा पंपच तिकडे राहिला, सोमवारी सकाळी त्याला धाप लागली आणि जनीनने फोनवर ग्लेनची सालटी काढली.

"तू पाठवलाच नाहीस!"

"मी पिशवीत घातला होता. तुझ्या नवऱ्याने पिशवी बघितली का?"

"माझ्या नवऱ्याला मध्ये आणू नकोस. आता पुन्हा असं झालं ना, तर मी सरळ वकिलाकडे जाणार आहे!"

टिली दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. मग ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला त्या लावलेल्या दाराचं फार वाईट वाटलं.

खरं सांगायचं तर टिलीच्या बाबतीत माझं एक दुखणं होतं. तिने मला बाबा म्हणावं अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. पण घरात माणसं किती, असं कुणी विचारलं की ती "तीन" म्हणायची. पाहुण्यांसमोर. मी त्याच पाहुण्यांना चहा ओतत असताना. (हॅमिश बोटं मोजून चार म्हणायचा, पण त्यात चौथा त्याचा वॉम्बॅट, म्हणजे छोट्या अस्वलासारखा एक गुबगुबीत कापडी प्राणी, असायचा.)

तर मी यादी केली. ऑफिसातल्या मशिनवर तिला प्लास्टिकचं आवरण चढवलं. तेवीस वस्तू, प्रत्येकीपुढे दोन चौकोन, एक देणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. वेळेचे रकाने दोन, कारण व्हिक्टोरियाचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं आणि त्यावरून आमची आधीच दोन भांडणं झालेली होती. खाली दोघांच्या सह्या. यादीच्या दोन प्रती, एक ग्लेनला आणि एक मला.

"कीथ, आम्ही काय पार्सल आहोत का?" टिलीने विचारलं.

"तुम्ही नाही गं. तुमचं सामान."

तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग परत वाचली. "यात एक राहिलंय," ती म्हणाली.

"काहीही राहिलेलं नाही. मी तीनदा तपासलीय."

"बरं," टिली म्हणाली आणि सफरचंद खात निघून गेली. हसत होती का? मी पाठमोरी बघितली, त्यामुळे सांगता येत नाही.

त्या रविवारी चारच्या ठोक्याला (त्यांच्या चारच्या, आमच्या साडेतीनच्या) मी पंपावर पोचलो. ग्लेन आलेलाच होता. मुलं दुकानामागच्या बाकावर बसून संत्री खात होती. ही आमच्याकडची रीतच आहे. सीमेपलीकडे फळमाशीच्या धास्तीने फळांचा नाका आहे, तिथे एक फोडसुद्धा आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे बापाने प्रेमाने दिलेली टोपलीभर संत्री दर वेळी अलीकडेच पोटात घालावी लागतात. दर दुसऱ्या रविवारी आमची मुलं संत्र्यांनी टच्च भरूनच घरी येतात.

मी यादी गाडीच्या टपावर ठेवली आणि पेन काढलं. ग्लेन आडदांड, उन्हाने रापलेला गडी. त्याने यादीकडे असं बघितलं, जणू मी त्याला बागेवरचा कर भरायला सांगतोय.

"हे काय रे?"

"यापुढे भांडण नको म्हणून. तू वाच, मी खुणा करतो."

"दम्याचा पंप." "आहे." "शाळेचे बूट, डावा." "आहे." "उजवा." "आहे." "टोपी, असल्यास..." ग्लेन थांबला. "असल्यास म्हणजे?"

"म्हणजे असली तर ठीक, नसली तरी अडत नाही, अशी वस्तू."

"मग लिहायचीच कशाला?"

"पद्धत असते तशी," मी म्हणालो. बागायतदाराला कारकुनी काय समजावणार!

ग्लेन घाईत होता, त्याला रेडिओवरची फुटबॉलची मॅच ऐकायची होती. त्याने दणादण सामान भरलं. टिलीच्या जागी तिची रजई, तिच्यावर उशी, उशीवर तिचं टोपीवालं जॅकेट. हॅमिशच्या खुर्चीत वॉम्बॅट, पट्टा लावून. (वॉम्बॅटला पट्टा लावला नाही तर हॅमिश गाडी हलू देत नाही.) तेवीसच्या तेवीस खुणा झाल्या. देणाऱ्याने सही केली, घेणाऱ्याने सही केली. आम्ही हातसुद्धा मिळवले, तीन वर्षांत पहिल्यांदाच. ग्लेन त्याच्या रस्त्याला लागला, मी माझ्या. आपण जगातली एक मोठी समस्या सोडवली आहे, अशा भावनेने माझी छाती फुगली होती.

आरशात बघितलं तर मागे जॅकेटची टोपी दिसत होती, वॉम्बॅटचे कान दिसत होते. मुलं गाडीत बोलत नाहीत ही काही नवी गोष्ट नव्हती. टिली कानात गाण्यांचं यंत्र घालते आणि खिडकीबाहेर बघते. हॅमिशला संत्र्यांनी झोप येते.

आणि त्या फुगलेल्या छातीने माझा घात केला. आज बोलूनच टाकू, असं मला वाटलं. तीन वर्षं मी ते वाक्य दाढी करताना घोकत होतो.

"टिली," मी समोर रस्त्याकडे बघत म्हणालो, "मला तुझा बाप व्हायचं नाही. तुला बाप आहे आणि माणूस चांगला आहे, आज त्याने दोन्ही बूट आणले. मला फक्त एवढंच वाटतं, की कुणी घरातली माणसं विचारली तर मलाही मोजत जा. शेवटी मोजलंस तरी चालेल. तुम्ही दोघं घरात नसता ना, तेव्हा मला करमत नाही. मी शनिवारी उगाचच तुमच्या खोलीतला दिवा लावून ठेवतो."

मागून आवाज आला नाही. टोमणा नाही, सुस्कारा नाही, "आईला विचारते" नाही. पोरगी हेलावली, मी मनात म्हटलं. माझेही डोळे भरून आले. पुढचे वीस किलोमीटर मी नाक ओढत, पण फार आनंदात गाडी चालवली.

नाक्यावर एक बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझी गाडी बघितली, माझं टक्कल बघितलं आणि परत कागदाकडे बघितलं.

"फळं, भाजी, काही आहे का?"

"काही नाही बाई. फक्त मुलं."

"कुठली मुलं?"

"ही काय मागे. दोन."

"जरा मागे वळून बघता का?"

मी वळलो. रजई होती. उशी होती. वॉम्बॅट माझ्याकडे दोन काळ्या बटणांनी बघत होता. मी जॅकेटची टोपी उचलून तिच्या आतही बघितलं. (माणूस अशा वेळी कुठेही बघतो.)

"तुम्हीच कीथ ना?" बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसचा फोन आला होता. मुलीने पंपावरून आईला कळवलं. तुमच्या फोनला रेंज नव्हती, आणि या नाक्यावर प्रत्येकाला थांबावंच लागतं, म्हणून त्यांनी इथे सांगितलं. पांढरी गाडी, टक्कल, मागे वॉम्बॅट. निरोप वाचून दाखवू?"

"नको."

"वाचावाच लागेल, त्यांनी तसं बजावलंय. 'मूर्खा, यादीत मुलं लिहिली होतीस का?'"

मी यादी काढली. तेवीस वस्तू होत्या. उजवा बूट होता, डावा बूट होता. मुलं नव्हती.

बावन्न किलोमीटर मी परत कसा गेलो ते मला आठवत नाही. नोरीनबाईंकडे दोघं सुखरूप असणार हे मला कळत होतं, पण जीव मानत नव्हता. हॅमिशला धाप लागली तर? पंप तर माझ्याकडे, खूण करून, सही करून! बोलायला मागे वॉम्बॅट होता, पण मघाशी सगळं सांगून झालं होतं.

पंपावर पोचलो तर दुसऱ्या बाजूने ग्लेनही धूळ उडवत आलाच. जनीनने त्यालाही गाठलं होतं. दोघं एकदमच गाडीतून उतरलो.

"घेणार म्हणून सही तुझी आहे!" ग्लेन ओरडला.

"देणार म्हणून तुझी आहे! दिलीस का मुलं? दाखव कुठे दिलीस!"

"यादीत असती तर दिली असती! यादी कुणाची?"

दोघांच्या हातात दोन प्रती, दोन्ही एकमेकांच्या नाकासमोर. नोरीनबाई दाराशी येऊन चिप्स खात बघत होत्या. तेवढ्यात आमच्या मध्ये टिली येऊन उभी राहिली.

"आधी आम्हाला मोजा," ती म्हणाली. "दोघांनी. मोठ्याने."

"एक," ग्लेन खालमानेने म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

"वॉम्बॅट!" हॅमिश किंचाळला आणि माझ्या गाडीकडे धावला. पळताना त्याला अजिबात धाप लागली नाही, हे बघून मी गाडीला टेकून उभा राहिलो. ग्लेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जनीनला तू सांग," तो म्हणाला. माणूस तसा चांगला आहे, पण धाडसी नाही.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. टिलीने कानात यंत्र घातलं नव्हतं.

"किती लांब गेल्यावर कळलं तुला?"

"बावन्न किलोमीटर."

"एवढा वेळ तू काय करत होतास?"

"बोलत होतो."

"कुणाशी?"

मी आरशातून वॉम्बॅटकडे बघितलं. हॅमिशने वॉम्बॅट कानाला लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "हा सांगत नाहीये."

नाक्यावर त्याच बाई होत्या. "फळं?" त्यांनी विचारलं. "नाहीत," मी छातीठोकपणे म्हणालो.

"टिलीच्या खिशात आहे!" हॅमिश म्हणाला. "एक संत्रं. सगळ्यात मोठं. तिने कीथसाठी ठेवलंय, तो परत येईल म्हणाली होती."

टिलीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि हात पुढे केला. संत्रं खरोखरच मोठं होतं.

"इथे खाऊन टाकू का?" मी विचारलं. "सालीसकट खातो."

"डब्यात टाका," बाई म्हणाल्या. (डबा हिरवा होता. आयुष्यभर डब्यांची नोकरी केली, पण एखाद्या डब्याचा मला इतका राग कधी आला नव्हता.) मग त्यांनी खिडकीतून आत डोकावून मुलं मोजली, मान डोलावली आणि आडवा बांबू वर केला.

घरी जनीन काय म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही. वकिलाचा विषय मात्र निघाला नाही, कारण तक्रार कुणाविरुद्ध करायची हेच ठरेना. एवढा निर्णय झाला, की यापुढे यादी टिली करेल, खुणाही तीच करेल. गाडी चालवायची तेवढी माझ्याकडे राहिली.

पुढच्या खेपेच्या शुक्रवारी फ्रिजवर नवी यादी लागली होती, टिलीच्या अक्षरात. माझ्या तेवीस वस्तू तिने तशाच ठेवल्या होत्या. चोवीस नंबरला टिली. पंचवीसला हॅमिश. सव्विसाव्या नंबरावर वॉम्बॅट. आणि सत्तावीस नंबरला, सगळ्यात शेवटी, लिहिलं होतं: कीथ.

मला मोजलं होतं! मी जनीनला हाक मारली, तिला यादी दाखवली, माझ्या नावावर बोट ठेवून दोनदा मोठ्याने वाचलं. तिने नुसतंच माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशातला चष्मा काढून माझ्या नाकावर चढवला आणि कणीक मळायला लागली.

चष्म्यातून दिसलं, की नावापुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कंसात आणखी एक शब्द लिहिलेला होता.

असल्यास.