थोरल्याचं ऑपरेशन

भिकूनाना आपल्या उजव्या पायाला थोरला म्हणतात आणि डाव्याला धाकटा. माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते "आज थोरला रुसलाय" असं सांगू लागले की नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, यांच्या घरात वाटणीवरून काहीतरी चाललंय. मग नाना चप्पल काढून थोरल्याला सर्वांसमोर आणतात आणि त्या गिऱ्हाइकाला आपलं औषध कोणतं तेही आठवत नाही.

थोरल्याचा मान मोठा, कारण तीस वर्षं नानांनी बंदरावरून बर्फाचा ट्रक चालवला. "ब्रेक कोणी लावला? थोरल्याने. घाटात गाडी कोणी सांभाळली? थोरल्याने. धाकटा नुसता क्लचवर बसलेला." डावा पाय हे सगळं मुकाट्याने ऐकून घेतो.

बर्फाच्या गाडीला मासळीचा वास लागतो. तो घालवण्यासाठी नाना रोज गाडी दोनदा धुवत. गाडी सुटली, सवय राहिली. जगातली कोणतीही वस्तू दोन पाण्यांतून काढल्याशिवाय ते हातात ठेवत नाहीत. पेरू, चपला, छत्रीची मूठ. मी दिलेली गोळ्यांची पट्टीसुद्धा माझ्याच नळाखाली दोनदा धुऊन मग खिशात घालतात. "आतल्या गोळ्या बंद असतात हो," असं मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही.

नानांनी लग्न केलं नाही. खाडीच्या काठावर त्यांचं घर आहे, आणि घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, आक्का. लहानपणी तापात आक्काची नजर गेली. घरभर ती भिंतीला हात न लावता वावरते, चूल पेटवते, भाकरी भाजते. पण तिचं खरं राज्य भाट्याच्या खाडीत. ओहोटीला पाणी उतरलं की बायका तिसऱ्या काढायला चिखलात उतरतात. तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या. त्या गाळात रुतलेल्या असतात आणि वरचं पाणी गढूळ, त्यामुळे डोळ्यांचा काही उपयोग नसतो. पायाच्या बोटांनी चाचपायचं, टणक लागलं की वाकायचं आणि हाताने उचलायचं. तिथे सगळेच आंधळे, आणि त्या सगळ्यांत आक्का पहिली. लहानपणी नानांना हे तिनेच शिकवलं. म्हातारपणीही दोघं हात धरून खाडीत जात. परत येताना नाना दुकानासमोर थांबून मोठ्याने सांगत, "आक्काची टोपली बघ. माझ्या नुसत्या दहा-बारा. तिच्यासारखा पाय नाय कोणाचा."

दीड वर्षापूर्वी थोरल्याचं दुखणं सुरू झालं. आधी नानांना वाटलं चपलेत खडा गेलाय. चप्पल झटकली, धुतली, दोनदा धुतली, शेवटी बदलली. खडा तसाच. मग एक दिवस माझ्या पायरीवर चढताना ते असे ओरडले की समोरच्या चहावाल्याच्या हातून कप पडला. हाडांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. पायाच्या मधल्या बोटाच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये नसेला गाठ झाली होती. इंजेक्शनं झाली. महिनाभर बरं वाटे, पुन्हा विस्तवावर पाय पडल्यासारखं होई. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून ती नस काढून टाकू.

नानांनी एकच प्रश्न विचारला. "बधिर किती होईल?"

"त्या दोन बोटांच्या मधला भाग. तो मात्र कायमचा. चालायला काही अडचण नाही."

बाहेर आल्यावर नानांनी फाईल माझ्या काउंटरवर ठेवली आणि विसरून गेले. म्हणजे विसरल्याचं दाखवलं. पुढे सहा महिने मी तारीख काढतोय आणि नाना ती पुढे ढकलतायत. आंबे संपू देत. गणपती होऊन जाऊ देत. नारळ पाडून होऊ देत. सगळं झाल्यावर म्हणाले, "धाकट्याला विचारतो. उद्या सगळा भार त्याच्यावर यायचा." मला रागावर ताबा नाही, आणि फुकट सल्ला देणाऱ्याचं कोणी ऐकलं नाही की तो जास्तच भडकतो. मी म्हणालो, "नाना, तुम्ही सरळ भित्रे आहात." नानांनी नळ सोडून हात धुतले, पुन्हा धुतले आणि ते लंगडत गेले. मला फार वाईट वाटलं, पण माफी मागायला मी गेलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते आक्काला घेऊन आले. खाडीतल्या कालवाच्या धारदार कवचाने तिच्या पायाचा तळवा चिरला होता. रक्ताचे ठसे पार रस्त्यापर्यंत, आणि तिला पत्ता नव्हता. तिला मधुमेह आहे हे मला ठाऊक होतं, गोळ्या मीच देतो. मी कापसाने जखम पुसली, बोटं पुसली, औषध लावलं. सगळं झाल्यावर आक्का म्हणाली, "लाव की रे, थांबलास कशाला?"

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बोलू नको म्हणून.

मी तरी बजावलं की यापुढे अनवाणी खाडीत जायचं नाही, गमबूट घालायचे. आक्का हसली. "बुटातून मला खाडी दिसत नाय."

जखम भरली आणि दोघं पुन्हा जाऊ लागली. मला राहवेना. एका रविवारी दुकान बंद ठेवून मीही त्यांच्याबरोबर गेलो. मला चिखलाची शिसारी आहे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी कडेलाच उभा राहिलो. म्हणूनच मला ते नीट दिसलं.

आक्का नुसतीच पाय हलवत होती, तिच्या बोटांना काही लागत नव्हतं. नाना तिच्यापुढे एक पाऊल. थोरला गाळात रोवायचे, बोटं फिरवायचे, आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. मग वाकून शिंपली काढायचे, पाण्यात दोनदा खळबळायचे आणि आक्काच्या पायापुढे गाळावर अलगद ठेवायचे. "आक्का, इथे काहीतरी हाय वाटतं, बघ गो." आक्का वाकायची, चाचपायची. "सापडली!" ती ओरडली की नाना म्हणायचे, "मेल्या थोरल्याला कळलंच नाय बघ."

बधिर किती होईल, हे त्यांनी का विचारलं होतं ते मला तिथे कळलं. मी उगाच खाडीपलीकडच्या माडांकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर नाना चपला धुवायला मागच्या नळावर गेले. आक्का पडवीत बसली होती. ती हळूच म्हणाली, "बघितलंस ना?"

मी दुमडलेली पँट खाली सोडू लागलो.

"अरे, चिखलातली शिंपली कधी धुतलेली असते? माझ्या हाताला येते ती एकदम लख्ख. दोन वर्षं झाली."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तो घरात बसला असता. खाडीशिवाय आहे काय त्याला? नि मला तरी?" तिने आवाज आणखी उतरवला. "पण आता ऐकवत नाय रे. दर पावलाला त्याचा श्वास अडकतो. त्याला वाटतं आंधळीला दिसत नाय. ऐकू येतं ना मला." मागच्या नळाचा आवाज थांबला तशी तिने माझं मनगट धरलं. "त्याला यातलं काय सांगू नको. माझी शपथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पायरीवर येऊन बसले. थोरल्याबद्दल बोलले नाहीत, धाकट्याबद्दलही नाहीत.

"आक्काला खाडी नको झाली," ते म्हणाले. "चिखलाचा वास येतो म्हणे. कंबर दुखते म्हणे. पुन्हा नाव काढू नको म्हणाली."

"वय झालं आता," मी म्हणालो. इतकं वाईट खोटं मी कधी बोललो नसेन.

"काल तर बरी होती." त्यांनी चप्पल काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "ती माझी फाईल हाय काय रे तुझ्याकडे?"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नाना घरी आले, थोरला उशीवर चढला, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याची हकिगत ऐकावी लागली. धाकट्याचंही पहिल्यांदाच कौतुक झालं. पण ओहोटीची वेळ झाली की नाना बोलता बोलता थांबत आणि खिडकीकडे बघत.

तीन आठवड्यांनी आक्काने मला निरोप धाडला, गमबूट घेऊन ये. माझे बूट तिच्या पायांत दोन बोटं मोठे होते, आत कापूस कोंबला. नाना दुपारचे झोपले होते. मी तिचा हात धरून खाडीत उतरलो, गुडघ्यापर्यंत, पँटीसकट. मी खाली वाकलो तशी ती खेकसली, "तू शोधायचं नाय. नुसता उभा राहा." ती वाकून दोन्ही हातांनी गाळ उपसत होती. तासभर. पदर भिजला, तोंडावर चिखल उडाला. एक सापडली. फक्त एक.

परत आलो तेव्हा नाना जागे होऊन बसले होते. आक्का चाचपत त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात उघडला आणि ती शिंपली त्यात ठेवली. वर काळा चिखल थापलेला.

"ही धुतलेली नाय हां," आक्का म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आक्काच्या पायांतले बूट काढण्यात गुंतलो.

"आक्का," ते म्हणाले, "कधीपास्नं तुला..."

"गप बस. थोरला कसा हाय सांग."

"दुखत नाय," नाना म्हणाले, आणि त्यांनी मूठ मिटली.

संध्याकाळी दुकान बंद करून मी नानांच्या गोळ्या द्यायला गेलो. आक्का चुलीपुढे होती, नाना खिडकीशी. मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती न धुता घेतली आणि उशाशी ठेवली. बोटांच्या पेरांतला चिखल वाळून पांढरा झाला होता. नानांनी दुपारपासून हात धुतले नव्हते.