हैबतरावांचे शेपूट

एका जंगलात हैबतराव नावाचे वानर राहत होते. जंगल फार लहान होते. इतके लहान, की मुलांनो, तुमच्या करंगळीच्या कातड्यात अशी लाखो जंगले मावतात. शिकलेले लोक अशा जंगलाला पेशी म्हणतात आणि त्यातल्या वानरांना रंगसूत्रे. आपण जंगल म्हणू आणि वानर म्हणू. चुळबुळ न करता ऐका.

प्रत्येक वानराच्या शेपटाच्या टोकाला सहा मुंगळे असत. टोक घट्ट धरून बसत. बाकी काही करत नसत. त्या सहा जणांच्या टोळीला मोठ्या पुस्तकांत एक अवघड नाव आहे. ते मुंगळ्यांना ठाऊक नव्हते. तुम्हाला नसले तरी चालेल.

त्याच जंगलात गोदाबाई नावाची शिंपीण होती. शिंपी पक्षी पाने शिवतात. गोदाबाई तुटलेले काहीही शिवायची. तुटलेले टोक दिसले की तिला राहवत नसे. जवळपासचे दुसरे तुटके टोक ओढून ती दोन्ही एकत्र शिवून टाकी. टाका असा, की हत्तीने ओढला तरी हलू नये.

रोज सकाळी ती हैबतरावांच्या शेपटापाशी येई. टोकाकडे मान वाकडी करून पाही.

"हे तुटलंय का हो?"

"नाही," मुंगळे म्हणत. "इथं संपलंय. पुढं व्हा."

ती पुढे होई.

त्या जंगलाची एक रीत होती. अधूनमधून त्याची वाटणी होई. मधोमध नदी फुटे. अर्धी मंडळी या काठाला जाई, अर्धी त्या काठाला. त्या धावपळीत शेपटाचे टोक थोडे झिजे. सगळ्यांचेच झिजे. पण हैबतराव मानी. आपले शेपूट आपोआप झिजेल, हे त्यांना पटत नसे. कुणीतरी ते खात असणार.

यंदाच्या वाटणीकडे त्यांचे डोळे लागले होते. पूर्वेचा काठ त्यांच्या वाट्याला आला होता आणि तिथे उंबर लगडला होता. त्यांचा जुळा भाऊ शिदोजी पश्चिमेला जाणार होता. हा शिदोजी जन्मभर त्यांच्या आधी उठून उंबरे खात आला होता. आता एकट्याने बसून पोटभर खायची, एवढीच हैबतरावांची इच्छा होती.

वाटणी जवळ आली, तसे त्यांनी शेपूट पुढे घेतले आणि मुंगळ्यांना विचारले, "तुम्ही दिवसभर करता काय रे?"

"धरून बसतो."

"काय धरता?"

"शेवट."

"का? शेवट पळून जातो?"

मुंगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. "बापानं धरला होता," थोरला मुंगळा म्हणाला.

"आणि बापानं का धरला होता?"

"त्याच्याही बापानं धरला होता."

"फुकटखाऊ लेकाचे! माझंच शेपूट कुरतडता आणि माझ्यावरच बसता!" हैबतरावांनी शेपूट दगडावर आपटले. मुंगळे खाली पडले, उठले आणि रांगेने निघून गेले.

शिदोजी फांदीवरून बघत होता. "हैबत्यानं काढले, मग मी कशाला पोसू?" असे म्हणून त्यानेही आपले मुंगळे झटकले.

दुपारी दोघे भाऊ एकाच झाडाखाली, एकमेकांकडे पाठ करून झोपले होते. गोदाबाई आली.

"हे तुटलंय का हो?"

कुणी बोलले नाही. तिने दुसऱ्या शेपटाला विचारले. तेही गप्प.

"अगं बाई, इकडेही तुटलंय अन् तिकडेही! अन् पोरं बिचारी बेशुद्ध!"

तिने दोन्ही शेपटे जोडून शिवली.

हैबतराव उठून चालू लागले, तो मागून शिदोजी फरपटत आला.

"माझ्या मागं काय येतोस?"

"तूच ओढतोयस, गाढवा!"

"गोदाकाकू, उसवा हे!"

"उसवायचं मला कुणी शिकवलं नाही," गोदाबाई म्हणाली. "शिवायचं असेल तर सांगा."

इतक्यात नदी फुटली. वाटणी सुरू झाली. हैबतराव पूर्वेला धावले, शिदोजी पश्चिमेला. मधे शेपूट ताणले गेले. दोघांनी दात-ओठ खाल्ले. टाका सुटला नाही. गोदाबाईचा टाका तो. तुटले ते शेपूट, हैबतरावांच्या बाजूने, अगदी मधोमध.

हैबतराव पूर्वेच्या काठावर आपटले. अर्धे शेपूट गेले होते, पण उंबर समोर होता आणि शिदोजी पलीकडे होता. ते हसले.

"अगं बाई," मागून आवाज आला. "आता तर खरंच तुटलंय!"

"खबरदार! मला कुणाशी जोडायचं नाही!"

"मग कुणाशी जोडू?"

"कुणाशी म्हणजे कुणाशीच नाही! माझा मला मी पुरेसा आहे!"

"बरं," गोदाबाई म्हणाली, आणि तिने हैबतरावांचे शेपूट त्यांच्याच शेंडीला शिवून टाकले.

हैबतराव गोल झाले. गाडीच्या चाकासारखे. गोदाबाईने त्यांच्याभोवती फिरून पाहिले. कुठेच टोक सापडेना. "झालं काम," ती समाधानाने म्हणाली. "आता धरायला काही उरलंच नाही."

"मी काय सांगत होतो!" हैबतराव कसेबसे म्हणाले. "मुंगळ्यांची गरजच नव्हती!"

मग ते उंबराकडे निघाले. उंबर चढावर होता. ते जोर लावून वर जात, पहिल्या पिकल्या फळापाशी पोचत, तोंड उघडत आणि घरंगळत थेट नदीपर्यंत खाली येत. पुन्हा वर. पुन्हा खाली. नदीपलीकडे शिदोजी बसला होता. त्याचे शेपूट आता दीडपट लांब झाले होते. त्याने ते नदीवरून ऐसपैस टाकले, पूर्वेच्या उंबराची एक फांदी वाकवली आणि बसल्या जागी उंबरे खाऊ लागला.

"हैबत्या," तो तोंड भरून म्हणाला, "शेपूट मात्र चांगलं होतं हो तुझं."

तात्पर्य: जे नुसते धरून बसतात, त्यांना आधी हाकलावे. त्याशिवाय शिवणाऱ्यांच्या हाताला काम मिळत नाही आणि भावाचे पोट भरत नाही.