पारोळ्याहून पायी

पारोळ्याच्या एसटी स्टँडवर शिरपूरच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसाला, शिरपूरला पायी कसं जावं हे समजावून सांगणारा एकच इसम होता आणि तो माझा शेजारी होता. नाना मापाडी.

नाना बाजारात धान्य मोजायचे. त्यांना मोटार लागायची. बस सुरू होण्याआधीच पोटात ढवळायचं. त्यामुळे ते आयुष्यात एकदाच लांब गेले आणि तेही चालत. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. तीन दिवस, एकटे. एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढे वीस वर्षं उपदेश केला.

पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, हा मापाड्यांचा रिवाज. नानांचे उपदेशही तसेच मोजून पडायचे. लाभ, पाणी बसून प्यावं. दोन, नव्या वहाणा घालून निघू नये. "तीन, वाटमा कोनलेच इचारू नका, गाव किती दूर शे. जो तो सांगस, हाई काय समोर." या 'समोर'नेच त्यांचा जीव काढला होता म्हणे. चौथा उपदेश असा, की एकट्याने चालताना मोठ्याने बोलत राहावं, म्हणजे कुत्र्यांना दोघे जण वाटतात. खानदेशातली कुत्री आंधळी आहेत, असं त्यांचं मत असावं. एका मारवाडी शेठजींना तर त्यांनी तळपायाला एरंडेल चोळायची रीत प्रात्यक्षिकासह दाखवली. बस उशिरा होती, म्हणून शेठजींनी पाय दिला.

त्या गावी पोचल्यावर काय झालं, ते मात्र नाना सांगत नसत. मीही कधी विचारलं नाही. आधीच तासभर गेलेला असायचा.

माझ्या बहिणीचं लग्न झालं, ती शिरपूरला गेली आणि पहिली आखाजी आली. आखाजी हा आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके घेतात. पण त्यांना आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो. त्याच्याशिवाय सासरचे धाडत नाहीत. मी मुराळी म्हणून निघालो तेव्हा सणाला दोन दिवस होते. स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टर निवांत चहा पीत होते. कंटाळून मी नानांना म्हणालो, आज राहू द्या, उद्या जातो.

नाना माझ्या शेजारी बसले. उपदेश मोजला नाही.

"मास्तर, सकायवर टाकू नका. मी पोचनू तवय आखाजी व्हई गयती. पोर गठोडं बांधीसन वट्टावर बठेल व्हती. इहीनबाई बोलनी, सण सरना, आते कसाले लई जातस? पुढला साल या."

पुढच्या साली एसटीनेच जायचं, ओकत का होईना, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्याआधीच, पावसाळ्यात, त्यांची पोर बाळंतपणात गेली. मला स्वतःची लाज वाटली. वीस वर्षं मी या माणसाला हसत होतो.

मग नाना उठून चहाच्या टपरीपाशी गेले.

"भाऊ, गाडी काढ. पोर वाट देखी रायनी."

कंडक्टरने अर्धा चहा तसाच ठेवला. कुणाची पोर, हे त्याने विचारलं नाही.