पाण्यात पडांदे, मगे बघू

इनासकाका आमच्या घरी आले की आधी मिक्सरवर तळहात ठेवतात. चालू मिक्सरवर! डोळे मिटतात आणि निकाल देतात, "थरथरता गो ह्यो. लायनीत नाय." एकदा बारशाला आले, तर पाळण्याच्या कडीला कान लावून उभे. बायका गायच्या थांबल्या. "कडी घासता," म्हणाले आणि तेल मागितलं. काय बोलायचं या माणसाला!

मालवणच्या बंदरावर ट्रॉलरचे शाफ्ट जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जाणारा पोलादी दांडा. तो केसभर जरी वाकडा जोडला गेला, तरी बोट थरथरते, बेअरिंग तापतं आणि भर समुद्रात शाफ्ट तुटला की मागून पाणी आत. काका एकटेच राहतात. कुणाचा नवा जावई कसा वाटला विचारा, उत्तर ठरलेलं, "पाण्यात पडांदे, मगे बघू."

यंदा आम्ही नवरा-बायकोनं आमच्या ट्रॉलरला नवं इंजिन घेतलं. काकांनी वाळूवर सगळं जुळवून दिलं. मासेमारीची बंदी उठली, बोट पाण्यात गेली, नारळ वाढवला, बर्फ भरला. आणि हे गृहस्थ आत उतरून बोल्ट सोडायला लागले!

"सुक्यार मापलेला खरा न्हय. पाण्यात पडल्यार बोटीचा आंग बदालता. परत मापूक व्हया."

शेजारच्या बोटी कोळंबीला गेल्यासुद्धा. इकडे काका शाफ्टाच्या जोडातल्या फटीत पातळ पट्टी सारतायत, इंजिनाखाली पत्रा घालतायत, पुन्हा काढतायत. दुसऱ्या दिवशीही तेच. दर्यात जायचा माझा नवरा जेटीवर ताटकळलेला. माझं डोकंच फिरलं.

"काका, पुरे झाला! तुमका काय? तुमी थोडेच दर्यात जातलास? जाता तो माझो घोव!"

काकांनी पाना उचलला. बोल्ट आवळले, पट्ट्या पुसून पिशवीत ठेवल्या.

सकाळी बोट सुटली, तर काका आत बसलेले! त्यांना बोट लागते, हे सगळ्या बंदराला ठाऊक. जेटीच्या पुढे म्हणून कधी गेले नाहीत. मी हाका मारल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी बोट दिसली आणि मी दोन्ही हात हलवत सुटले. आमचे हे उतरले आणि त्यांनी काकांना धरून उतरवलं. तोंड पिवळंजर्द. "अख्खो दीस ओकले," हे म्हणाले, "पण शाफ्टाकडसून हलले नाय. बेअरिंग जरापण तापाक नाय."

मी धावत जाऊन लिंबाचं सरबत आणलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. "काका, कित्याक गेलास ओ?"

"शाफ्ट माजो, घोव तुजो. मगे जाऊक नको?" त्यांनी एक घोट घेतला. मग खाली बघत म्हणाले, "गो, तू हात हलवी होतंस. तो घोवाकच मा? नाय, माका बंदरार कोणी कधी हात करूक नाय, म्हणान इचारतंय."

"दोगांकव, काका."

उरलेलं सरबत ते इतक्या सावकाश प्यायले, की अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून होतो.