सुनेचा पंख, माझा थर्मास

निवृत्त माणसाइतका प्रामाणिक प्राणी भूतलावर दुसरा नाही! त्याला खोटं बोलायला कारणच उरत नाही. हा सिद्धांत मी वर्षभर येईल-जाईल त्याला ऐकवत होतो. गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला माझा स्टीलचा थर्मास सुनेच्या विमानावर पडला आणि सिद्धांत जागच्या जागी गार झाला.

विमान म्हणजे अख्खं नव्हे, नुसता पंख. आमच्या सूनबाई रुग्णांना नेणाऱ्या छोट्या विमानांचं काम करतात. हा पंख तिने दोन वर्षं खपून उभा केलेला. त्या दिवशी तपासनीस साहेब येऊन त्यावर शिक्का मारणार होते. शिक्का बसला की महिन्याभरात विमान आकाशात! अशा दिवशी ती नेमका डबा घरी विसरली. तो द्यायला मी प्रयोगशाळेत गेलो, सोबत पिशवीत माझा थर्मास. ती साहेबांना आणायला फाटकापर्यंत गेली. मी एकटाच. फडताळावर पिशवी ठेवायला हात उंचावला, पिशवी कलंडली आणि... ठक्!

बरोब्बर पंखाच्या टोकावर. मी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, फुंकरसुद्धा मारली. ओरखडा नाही! शिवाय टोकाला ‘तपासलं, ठीक’ अशी हिरवी चिठ्ठी कालच लागलेली. पोचा आला होता तो थर्मासला. मी तो पिशवीत कोंबला आणि भिंतीवरच्या फोटोसारखा उभा राहिलो.

साहेब आले. चेहरा कुलूप लावलेल्या कपाटासारखा.

“सांगा,” ते म्हणाले.

“साहेब, पत्र्याला मार लागला तर पोचा दिसतो,” सूनबाईंनी सुरुवात केली. “हा पंख कार्बनच्या कापडाचे थर एकमेकांना चिकटवून केलाय. याला लागलं तर आतले थर सुटतात. वरून काही दिसत नाही.”

“काही म्हणजे काहीच नाही?” हे मी विचारलं. आवाज शेळीसारखा निघाला.

“काहीच नाही, बाबा! म्हणून तर हा उष्णता पाहणारा कॅमेरा. दिव्यांनी पंखाला क्षणभर ऊब द्यायची. थर सुटले असतील तिथे हवा असते, ऊब आत उतरत नाही, वरच अडकते. पडद्यावर पांढरा डाग दिसतो.”

“आणि डाग कुणाला दिसलाच नाही तर?”

“विमान उतरतंच,” साहेब म्हणाले. “विमानतळावर उतरेल असं नाही.”

मी थर्मासची पिशवी हळूच पाठीमागे सरकवली.

“मग... टोक परत बघायचं का? सहज आपलं!”

“टोक काल झालं, बाबा. आज फक्त मुळाकडचा भाग.”

म्हणजे मी गप्प बसलो तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं! कळणार होतं ते एखाद्या आजारी माणसाला, तेही ढगात. मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटलेली. तेवढ्यात दिवे लखकन चमकले. मी सुनेच्या खांद्यामागून डोकावलो. पडद्याच्या मधोमध गरगरीत पांढरा डाग!

“परवा मी स्वतः पाहून ठेवलं तेव्हा हा नव्हता!” सून डागापेक्षा पांढरी पडली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सूनबाईंनी प्रयोगशाळेतल्या मिस्त्रीला हाक मारली. “मिस्त्री! पंखाला हात कुणी लावला?”

मिस्त्री धावत आला. “मी, मॅडम. साहेब येणार म्हणून घासूनपुसून आरशासारखा केला. पण आपटला नाही हो! पोरांची शपथ!”

“मग मार लागला कसा?”

“नोकरी जाईल हो माझी!”

त्याचे ओठ थरथरायला लागले आणि माझी जीभ सुटली. “मी पाडला! थर्मास! मीच!”

“इथे?” सुनेने विचारलं.

“नाही. तिकडे, टोकावर.”

“मग हा डाग कसला?”

मी शरमेने मान खाली घातली. पडद्यावरचा डागही खाली गेला! मी दचकून मान वर केली. डाग वर!

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. “आजोबा, जरा बाजूला होता?”

मी बाजूला झालो. डागही झाला. मिस्त्रीने चकाचक केलेल्या पंखात, आरशात दिसावी तशी, माझ्या टकलाची ऊब उमटली होती!

“म्हणजे मी उगाचच कबुली दिली!” मी हुश्श केलं.

“उगाच कसं?” सून कॅमेरा टोकाकडे सरकवत म्हणाली.

दिवे पुन्हा चमकले. पडद्यावर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका उगवला. मी डावीकडे सरलो, उजवीकडे सरलो, शेवटी टेबलाखाली जाऊन बसलो. ठिपका हलला नाही!

शिक्का बसला नाही. टोक तासून नवे थर चढवायचे, म्हणजे सहा आठवडे गेले. पण मी टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा साहेबांच्या चेहऱ्याचं कुलूप जरासं उघडलं होतं. “आजोबा, तुम्ही बोलला नसता तर हे कुणालाही कळलं नसतं,” साहेब म्हणाले. मिस्त्रीने डोळे टिपले. माझी छाती आपोआप पुढे आली.

सुनेने अहवाल भरून माझ्यासमोर ठेवला. मार कशाने लागला, किती उंचीवरून, आणि खाली जबाबदार व्यक्तीची सही. “बाबा...” तिचा आवाज कातर झाला होता. आता ही सासऱ्याबद्दल दोन शब्द बोलणार, म्हणून मी नम्रपणे नजर झुकवली.

“सही इथे करा,” ती कानाशी येऊन म्हणाली. “फक्त आपलं आडनाव जरा कुणाला वाचता येणार नाही असं लिहाल?”