एकोणचाळिसावा तारा

आमच्या बिल्डिंगमधले इस्माईलचाचा कुणाच्याही घरात शिरले की आधी मोजतात. चपला, खुर्च्या, भिंतीवरचे फोटो, बशीतली भजी. मोठ्याने, बोट नाचवत. आणि शेवटच्या आकड्याआधी हमखास थांबतात. "चार, पाच, सहा... हां... सात! मोजून घे!" भजी सातच आहेत हे आम्हाला दिसत असतं, पण 'मोजून घे' हा त्यांचा नमस्कारच आहे.

मी नकला करतो. पळस्पे फाट्यावर "पेण, पेण, अलिबाग" करून बोंबलणारा इको गाडीवाला, आमचे सेक्रेटरी सावंतकाका, सगळे माझ्या घशात बिनभाड्याने राहतात. पण हिट आयटम म्हणजे चाचा. सोसायटीच्या गणपतीत त्यांची नक्कल केली, तेव्हा ते नेमके पहिल्या रांगेत. म्हटलं, आता कान धरणार. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "सगळं बरोबर. फक्त शेवटच्याआधी कमी थांबलास. तिथे दम घ्यायचा असतो."

चाचा जहाजावर होते. कुठल्याही बंदरात शिरायच्या आधी त्या देशाचा झेंडा चढवायचा असतो. ते काम त्यांचं. फाटला तर शिवायचं कामही त्यांचंच. त्यातून झेंड्यांचं वेड लागलं. वेड पण साधं नाही. त्यांच्या पेटीत तीनच झेंडे, तिन्ही अमेरिकेचे, तिन्ही शंभर वर्षांपेक्षा जुने आणि तिन्ही चुकीचे. एकावर तारे एकोणचाळीस, दुसऱ्यावर बेचाळीस, तिसऱ्यावर सत्तेचाळीस.

"तिथे एक राज्य वाढलं की एक तारा वाढतो," चाचा सांगायचे. "अडतीस होते. एकोणचाळिसावं येणार अशी हवा झाली. शिंप्यांनी आधीच तारे शिवले. आणि आली किती? लागोपाठ पाच! सरकारी आकडा अडतीसवरून थेट त्रेचाळीसवर. एकोणचाळीसचा झेंडा सरकारी कधी झालाच नाही."

"म्हणजे डिफेक्टिव्ह पीस," मी म्हणायचो.

"डिफेक्टिव्ह तू! अरे, शिंप्याला कळलं पाहुणा येतोय. त्याने पान मांडून ठेवलं. पाहुणा आला नाही. म्हणून काय पान खोटं?"

त्यांच्या दारावर पितळी पाटी आहे. इस्माईल, जुबेदा, सलमा. दर शुक्रवारी चिंच लावून घासतात. जुबेदाचाची दोन वर्षांपूर्वी गेली. सलमाताई दोहाला की मस्कतला दिली आहे, असं आमचं आम्हीच ठरवलेलं. "सलमाताई कधी येणार?" असं कुणी विचारलं की चाचा म्हणायचे, "येईल की!" हेपण माझ्या नकलेत होतं. मान तिरकी करून, "येईऽल की!" त्यावर हशा पडायचाच. चाचाही हसायचे, जरा उशिरा.

गेल्या महिन्यात त्यांनी एकोणचाळीसचा झेंडा माझ्या हातात दिला. माझी आई फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. "वहिनींना सांग, कोपऱ्यातला तारा सुटतोय. दोन टाके घालून घट्ट करा म्हणावं. बाकी हात लावू नका."

मी घरी आलो आणि निरोप चाचांच्या आवाजात दिला. "वहिनीऽ, तारा सुटतोय! मोजून घ्या!" आई हसून हसून मशीनवर आडवी. "कोपऱ्यातला हा? काढू काय?" मी रंगात आलेलो. "मोजून घ्याऽ!" निरोपातली नक्कल पोचली, निरोप राहिला. आईने बघितलं, बाकी तारे ओळीत, हा एकटा कोपऱ्यात, तिरका, कापडही वेगळं. तिला वाटलं कुणीतरी ठिगळ लावलंय. तिने ते उसवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. सोफ्यावर झेंडा पसरला. बोट फिरू लागलं. "छत्तीस, सदतीस, अडतीस... हां..." थांबले. बोट कोपऱ्यात गेलं. तिथे फक्त सुईची भोकं होती.

मला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, आता झाला की सरकारी!"

"हो," चाचा म्हणाले. "सरकारी झाला." मग आईला म्हणाले, "वहिनी, तो तारा आहे का कुठे?"

त्यांचा आवाज ऐकून आई उठलीच. चिंध्यांची पिशवी तिने फरशीवर उपडी केली. शेजारपाजारच्या बायकांच्या अस्तरांचे तुकडे, लेस, दोरे. आम्ही तिघं खाली बसून शोधू लागलो. अर्ध्या चिंध्या सकाळी कापसाबरोबर उशीत भरल्या होत्या. आईने उशीपण फाडली.

"जहाजावर फिटर होता एक," चाचा खाली बघूनच बोलायला लागले. "पितळेवर छान कोरायचा. जुबेदाचं पत्र आलं, तिसरा महिना आहे. मुलगीच होणार, नाव सलमा ठेवू. मी फिटरला म्हटलं, पाटीवर तीन नावं टाक. घरी पोचलो, पाटी बॅगेत..." एक तांबडी चिंधी उचलून त्यांनी बाजूला ठेवली. "जुबेदा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, लावा दाराला. खोदलंय ते, पुसायचं कसं? ते मूल पोटातच गेलं, पुढे परत दिवस राहिले नाहीत. पाटी राहिली."

आईचे हात थांबले. मला माझं 'येईऽल की' आठवलं. किती वेळा केलंय. त्यांच्यासमोर. वन्स मोअर घेऊन.

तारा मला सापडला, उशीतल्या कापसाला चिकटून. पिवळट, माझ्या अंगठ्याएवढा. आईने मशीन बाजूला सारलं, हातशिलाईची सुई ओवली. "इस्माईलभाई, सरळ लावू का?"

"नको वहिनी. होता तसाच. त्याच भोकांतून."

आई टाके घालत होती, तेव्हा मी म्हटलं, "चाचा, ती नक्कल मी आता..."

"करायची," ते म्हणाले. "जुबेदाला आवडायची. खिडकीतून ऐकायची ती तुझी तालीम. तू 'येईल की' म्हणालास की आतून म्हणायची, बघा, बाहेरपण कुणीतरी सांगतंय."

आईने दोरा दाताने तोडला. चाचांनी झेंडा माझ्या मांडीवर ठेवला. "मोजून घे."

मी मोजायला लागलो. माझ्याच आवाजात. पंचवीस, तीस, पस्तीस. अडतीसला बोट आपोआप थांबलं. कोपऱ्यातल्या त्या तिरक्या ताऱ्याकडे बघत मी दम घेतला, मग बोट पुढे नेलं.

"हां," चाचा म्हणाले. "एवढंच थांबायचं असतं."